प्रपंचातील श्रद्धा : 'स्मृतिचित्रे'चे एक वाचन

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाची परंपरा जवळजवळ चारशे वर्षांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाने येशूचे चरित्र पुराणाच्या घाटात बसविले आणि नव्या धर्माला जुन्या छंदाची ओळख करून दिली. एकोणिसाव्या शतकात बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीत हिंदू विधवांच्या स्थितीचे चित्र रेखाटले. पुढे 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या धर्मांतराच्या वाटेवरील शंका, वाद आणि निश्चय यांची हकीकत सांगितली. त्यानंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजने लिहून ख्रिस्ती उपासनेला मराठी भक्तिकाव्याचा सूर दिला. पुराण, वाद आणि स्तवन अशी ही तीन रूपे होत. या तिन्ही रूपांत श्रद्धा कधी कथा म्हणून, कधी युक्तिवाद म्हणून, तर कधी गीत म्हणून प्रकट होते. परंतु बाप्तिस्मा झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी चूल कोणी पेटवायची, पाणी कोणाच्या हातचे प्यायचे, घरी आलेल्या पाहुण्याला काय वाढायचे, हा प्रश्न या तीनही रूपांच्या कक्षेबाहेर राहतो. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हा ग्रंथ नेमका याच प्रश्नाभोवती उभा आहे, असे म्हणता येईल.

'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. चौथा भाग लेखिकेच्या निधनानंतर, १९३६ मध्ये वाचकांच्या हाती आला. प्रसिद्ध झाल्यापासून या ग्रंथाला मराठी वाचकांचे अपूर्व प्रेम लाभले आहे. मात्र या प्रेमाने ग्रंथाचे दोन भाग पाडले आहेत असे दिसते. सर्वसामान्य मराठी रसिकाने त्यातील विनोद, प्रांजळपणा आणि एका विलक्षण दांपत्याची जीवनकथा आपलीशी केली, आणि त्यातील ख्रिस्ती श्रद्धेकडे चरित्रातील एक घटना म्हणून पाहिले. ख्रिस्ती वाचकाने त्यात धर्मांतराची साक्ष शोधली आणि विनोदाला लेखिकेच्या स्वभावाचा भाग मानले. दोन्ही वाचने खरी आहेत; पण दोन्ही अपुरी आहेत. या ग्रंथात विनोद आणि श्रद्धा हे दोन निराळे गुण नाहीत. श्रद्धा दैनंदिन व्यवहारात उतरू लागली म्हणजे माणसाची जी तारांबळ उडते, तिच्यातूनच हा विनोद जन्माला येतो.

ग्रंथाचा आरंभ या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या घरात झाला. माहेरचे त्यांचे नाव मनकर्णिका. आपल्या जन्माची किंवा बालपणीच्या खेळांची हकीकत त्या प्रथम सांगत नाहीत. वडिलांच्या सोवळ्याची सांगतात. १८५७ च्या धामधुमीत घरातल्या एका आप्ताला फाशी झाली आणि त्या आघाताने वडिलांच्या मनात विटाळाचे भय कायमचे शिरले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. या सोवळ्याचा जाच बायकामुलांना होई. त्या जाचाचे वर्णन लक्ष्मीबाई कोणताही आक्रोश न करता, हसत हसत करतात. तरीही वाचकाच्या लक्षात एक गोष्ट येते. या घरात धर्म आहे, देव आहे, स्नानसंध्या आहे. परंतु हे सर्व पाण्याच्या एका अखंड भयाशी बांधलेले आहे. धर्म म्हणजे काय टाळायचे आणि कशाला शिवायचे नाही, याची ही पहिली व्याख्या त्या मुलीने घरात शिकली. पुढचा सारा ग्रंथ ही व्याख्या हळूहळू पुसून दुसरी लिहिण्याचा प्रवास आहे.

अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळकांचा स्वभाव कवीचा, उतावळा, उदार आणि तितकाच संतापी. किराणा आणण्यासाठी दिलेल्या पैशांत एक सुंदर दौत घेऊन घरी परतणारा हा गृहस्थ मराठी वाचकाच्या कायमचा स्मरणात राहिला आहे. हा प्रसंग सामान्यतः कवीच्या लहरीपणाचा मासला म्हणून सांगितला जातो. परंतु ग्रंथाच्या पुढच्या भागाशी तो जोडून पाहिला तर त्याचा अर्थ बदलतो. हाच लहरी उदारपणा पुढे ख्रिस्ती सेवावृत्तीत रूपांतरित होतो. धर्मांतराने टिळकांचा स्वभाव बदलला नाही; त्या स्वभावाला दिशा मिळाली. दौत आणणारा हात पुढे भुकेल्याला घरातले धान्य देऊ लागला. रिकाम्या डब्यांचा प्रश्न मात्र दोन्ही वेळा एकाच व्यक्तीपुढे उभा राहिला, आणि ती व्यक्ती म्हणजे लक्ष्मीबाई.

१८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या घटनेचे वर्णन टिळकांच्या बाजूने केले असते तर ते शंका, शोध आणि साक्षात्कार या क्रमाने झाले असते. 'स्मृतिचित्रे'त ती घटना उंबरठ्याच्या अलीकडून दिसते. बातमी येते, घर हादरते, पत्नी नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढते. पुढची सुमारे साडेचार-पाच वर्षे वियोगाची आहेत. या काळात काही दिवस लक्ष्मीबाई पंढरपूरला आपल्या बहिणीकडे राहिल्या. पती ख्रिस्ती झाला आहे, पत्नी विठ्ठलाच्या गावी आहे, आणि दोघांमध्ये पत्रे चालू आहेत, हा योगायोग कोणत्याही कादंबरीकाराला मोह पाडील. लक्ष्मीबाई त्यावर कसलेही भाष्य करीत नाहीत. दुःखाने झालेली शरीराची अवस्था, मुलाची काळजी, नातलगांची माया आणि त्यांचा धाक, एवढेच त्या नोंदवितात. धर्मांतराच्या मराठी कथनांत घरच्या माणसांची वेदना बहुधा विरोध या एका शब्दात आटोपली जाते. येथे त्या वेदनेलाच प्रथमपुरुषी आवाज मिळाला आहे.

पुढे त्या अहमदनगरला पतीकडे आल्या, त्या श्रद्धेने आल्या नाहीत, संसारासाठी आल्या. आल्यावरही काही काळ त्यांनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. एकाच कुटुंबात दोन चुली असण्याचा हा काळ ग्रंथाच्या गाभ्याचा आहे. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही, वादही फारसा घातला नाही. निर्णय आला तो लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचारातून. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि देवाने केली असती तर माणसामाणसांत तसा काही फरक दिसला असता, अशा धर्तीच्या साध्या गृहिणीच्या तर्काने त्या उत्तरापर्यंत पोचल्या. उत्तर मिळताच त्यांनी ते अमलात आणले. यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, कोणाच्याही हातचे प्यायचे. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला.

हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. सामान्य समजुतीप्रमाणे आधी मत बदलते, मग विधी होतो आणि त्यानंतर आचार बदलतो. येथे आचार आधी बदलला. पित्याच्या घरी ज्या पाण्याने प्रत्येक वस्तू धुतली जात होती, त्या पाण्याचा अर्थ या स्त्रीने एका पेल्यात बदलून टाकला. म्हणून बाप्तिस्म्याच्या विधीचे वर्णन ग्रंथात नाट्यमय होत नाही. ते व्हावे अशी गरजच उरलेली नसते. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या भाषेत ज्याला हृदयपरिवर्तन म्हणतात, ते या ग्रंथात स्वयंपाकघरात घडून गेलेले असते. धर्म म्हणजे काय टाळायचे, ही जुनी व्याख्या जाऊन धर्म म्हणजे कोणाला जवळ घ्यायचे, ही नवी व्याख्या तेथे लिहिली जाते.

येथून पुढे ग्रंथाचा विषय एका घराचा आतिथ्यधर्म हा होतो. टिळकांच्या घरी माणसांचा राबता असे. दुष्काळातील अनाथ मुले, शिकायला आलेली मुले, कवी, आजारी, निराधार, असे कोणी ना कोणी तेथे असेच. बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे हे त्यांतलेच एक. अत्यंत संवेदनशील, रुसणारा, चटकन हरवणारा हा तरुण लक्ष्मीबाईंच्या लेखणीतून जसा दिसतो, तसा तो कोणत्याही वाङ्मयेतिहासात दिसत नाही. याचे कारण उघड आहे. इतिहासकार त्याच्याकडे कवी म्हणून पाहतो. लक्ष्मीबाई त्याच्याकडे घरात जेवायला असलेला मुलगा म्हणून पाहतात. येशूच्या शिकवणुकीत भुकेल्याला अन्न देणे, परक्याला घरात घेणे, आजाऱ्याचा समाचार घेणे ही शेवटच्या न्यायाची कसोटी मानली आहे. 'स्मृतिचित्रे'त या वचनाचे निरूपण नाही, त्याची अंमलबजावणी आहे. ती अंमलबजावणी किती अवघड, किती विनोदी आणि कधीकधी किती अन्यायाची असते, हेही तेथे आहे.

अन्याय हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरावा लागतो. टिळकांचा त्याग थोर होता, पण त्या त्यागाची किंमत कोण देत होते, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी मराठी वाचकासमोर प्रथमच ठेवला. मराठी संतचरित्रांत परमार्थी पतीची पत्नी हे एक ठरीव पात्र आहे. तुकोबांची पत्नी आवली हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. चरित्रकारांनी तिला कजाग रंगविले. कारण घरातले धान्य वाटले जात असताना ती मुलांच्या पोटाचा विचार करीत होती. तिची बाजू तिने लिहिली नाही. टिळकांनी तुकारामांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले होते आणि तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. त्या वाटेवरून चालणाऱ्या पुरुषाच्या घरात आवलीची जागा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली, आणि त्यांनी लेखणी हाती घेतली. 'स्मृतिचित्रे'चे वाङ्मयीन वेगळेपण या एका वस्तुस्थितीत आहे. संताच्या पत्नीने संताचा संसार सांगितला, आणि तो सांगताना ना संताला खाली ओढले, ना स्वतःला वर चढविले.

हा तोल साधला कसा, हे पाहिले म्हणजे विनोदाचे कार्य कळते. लक्ष्मीबाई टिळकांना हसतात, पण त्यापूर्वी आणि त्याहून अधिक स्वतःला हसतात. स्वतःची फजिती, स्वतःचे अज्ञान, स्वतःचा हट्ट त्या लपवीत नाहीत. ख्रिस्ती परंपरेत पापकबुलीला मोठे स्थान आहे. संत ऑगस्टीनपासून आत्मकथनाचा तो एक प्रमुख घाट राहिला आहे. त्या घाटात गांभीर्य असते, आणि गांभीर्यात कधीकधी सूक्ष्म अहंकारही असतो, कारण मोठे पाप कबूल करणारा स्वतःला मोठा पापी तरी मानतोच. लक्ष्मीबाईंची कबुली लहान गोष्टींची आहे. रागाच्या भरात बोललेला शब्द, चुकलेला हिशेब, उगाच धरलेला अबोला अशा गोष्टी त्या सांगतात. ही कबुली हसत दिलेली आहे, आणि क्षमा मिळाली आहे अशी खात्री असलेल्या माणसालाच असे हसता येते. श्रद्धेचा याहून स्पष्ट पुरावा ग्रंथात शोधण्याचे कारण नाही.

समकालीन स्त्रीलेखनाशी तुलना केली तर हे अधिक ठळक होते. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) हे पुस्तक पतीच्या थोरवीपुढे नतमस्तक होऊन लिहिलेले आहे. त्यातील पत्नी शिष्या आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९०७ च्या सुमारास आपल्या श्रद्धेची साक्ष इंग्रजीत लिहिली. तिच्यात शास्त्रे वाचलेल्या विदुषीचा शोध आणि चर्चच्या अधिकाराशीही झुंजणारी बुद्धी आहे. लक्ष्मीबाई शिष्याही नाहीत आणि विदुषीही नाहीत. शाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. त्यांची भाषा नाशिककडच्या घरांतील बायकांची, म्हणींची, लहान वाक्यांची आहे. या भाषेत तात्त्विक शब्द जवळजवळ येतच नाहीत. तारण, कृपा, प्रायश्चित्त अशा पारिभाषिक संज्ञांवर त्यांचे गद्य उभे नाही. ते क्रियापदांवर उभे आहे. उठले, गेले, आणले, वाढले, रडले, हसले. मिशनरी मराठीत अनुवादाचा जो एक परकेपणा एकोणिसाव्या शतकापासून रेंगाळत होता, त्याचा मागमूसही येथे नाही. धर्म बदलला, पण जिभेवरची बोली बदलली नाही. ख्रिस्ती श्रद्धा मराठीत सहजपणे राहू शकते, याचा टिळकांच्या अभंगांनी दिलेला पुरावा काव्याचा होता. लक्ष्मीबाईंनी दिलेला पुरावा बोलण्याचा आहे, आणि म्हणून तो अधिक निरुत्तर करणारा आहे.

या ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अहमदनगर परिसरातील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत मोठा भरणा महार आणि मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांचा होता. त्यांच्या दृष्टीने धर्मांतराचा अर्थ निराळा होता. पाण्याचा स्पर्श त्यांना सोडायचा नव्हता. तो त्यांना नाकारला गेला होता. ही माणसे 'स्मृतिचित्रे'त येतात आणि लक्ष्मीबाई त्यांच्याकडे मायेने पाहतात, परंतु त्यांच्या बाजूने जग कसे दिसत होते, हे ग्रंथ सांगू शकत नाही. सोवळे टाकणाऱ्या ब्राह्मण स्त्रीचा पराक्रम खराच. पण ज्याच्या हातचे पाणी तिने घेतले त्याची कथा अलिखितच राहते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासात ब्राह्मण धर्मांतरितांची नावे पुढे दिसतात, आणि त्या असमतोलाची खूण या ग्रंथावरही आहे. ते मान्य करूनच त्याचे मोठेपण सांगावे लागेल. शिवाय हे लेखन घटनांनंतर काही दशकांनी, टिळकांच्या चरित्राच्या गरजेतून, मुलाच्या आग्रहाने सुरू झाले. वर्षे आणि क्रम यांविषयी त्याच्याकडून इतिहासाची काटेकोर अपेक्षा ठेवणे योग्य नव्हे.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. पाश्चात्त्य चर्चच्या चौकटीबाहेर, भारतीय पद्धतीने, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ असावा, असा तो विचार होता. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि तो प्रयोग आकारास येण्यापूर्वीच थांबला. तरीही 'स्मृतिचित्रे' वाचून संपल्यावर वाचकाच्या मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. पतीने ज्या दरबाराचे स्वप्न पाहिले, तो कितीतरी आधीपासून त्याच्याच घरात भरत होता. तेथे जातीची विचारपूस नव्हती, धर्माची अट नव्हती, आणि पंगतीला कोण बसले आहे याची मोजदाद फक्त स्वयंपाक पुरेल की नाही एवढ्यापुरती होती.

वैधव्याच्या काळातही लक्ष्मीबाईंचा प्रपंच थांबला नाही. मुलाच्या कुटुंबाबरोबर त्या कराचीला राहिल्या. टिळकांनी अर्धवट सोडलेल्या 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचा फार मोठा भाग त्यांनी स्वतः रचला. ते १९३८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. कष्टाने अक्षरओळख मिळविलेल्या स्त्रीने पतीचे महाकाव्य पुढे न्यावे, ही घटना साधी नाही. परंतु वाङ्मयाच्या न्यायालयात 'ख्रिस्तायन' मागे राहिले आणि 'स्मृतिचित्रे' पुढे गेले. महाकाव्यात ख्रिस्ताचे चरित्र आहे. आठवणींत ख्रिस्ताच्या मागे चालताना पायांत मोडलेले काटे आहेत. वाचकाला दुसऱ्याची ओळख अधिक पटली.

नंतरच्या काळात ही वाट बंद पडली नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले; त्या अनुवादाला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. पाणी आणि हिरवाई यांच्या रक्षणासाठी ते वसईच्या लोकांबरोबर उभे राहिले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. श्रद्धा ही वेदीवरून अंगणात आली पाहिजे, ही त्यांची धारणा आणि लक्ष्मीबाईंची जीवनरीती यांत एक अंतःसूत्र आहे. शांता गोखले यांनी २०१७ मध्ये केलेल्या संपूर्ण इंग्रजी अनुवादामुळे 'स्मृतिचित्रे' आता मराठी न जाणणाऱ्या भारतीय वाचकांनाही उपलब्ध झाले आहे. अशा वाचकाला विनोदी आत्मचरित्र म्हणून किंवा एका कवीच्या पत्नीची हकीकत म्हणून या ग्रंथाची ओळख करून दिली जाण्याचा संभव अधिक.

ती ओळख चुकीची नसली तरी अर्धी आहे. श्रद्धा म्हणजे काय मानावे याची यादी, असे ज्या काळी पुष्कळांना वाटे, आणि आजही वाटते, त्या काळी एका स्त्रीने श्रद्धा म्हणजे काय करावे याची रोजची टिपणे ठेवली. ती टिपणे पाणी, पीठ, पाहुणे आणि पैसे यांची आहेत. त्यांत देवाचे नाव फार वेळा येत नाही. जलालपूरच्या घरात देवाचे नाव रात्रंदिवस होते आणि माणसाला शिवायची भीती होती. नगरच्या घरात माणसांची गर्दी होती आणि देवाचे नाव घ्यायला सवड कमी होती. या दोन घरांमधले अंतर एका बाईने एका आयुष्यात चालून पार केले. 'स्मृतिचित्रे' हा त्या अंतराचा हिशेब आहे, आणि मराठी गद्यात इतका सरळ, इतका हसरा हिशेब क्वचितच कोणी लिहिला असेल.